समुद्रात दिलेल्या मुली

मी अजून समुद्र पाहिलेला नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे मी एका बंदराबद्दल लिहिणार आहे आणि ते बंदर आम्हीच केलेलं होतं. मी पाहिलेलं सगळ्यांत मोठं पाणी म्हणजे आर्णीकडे आमच्या गावाजवळ असलेलं धरणाचं पाणी. त्याचा पलीकडचा काठ दिसतो, पण माणूस ओळखू येत नाही.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या मराठीच्या मॅडमनी भित्तिपत्रकासाठी नवीनच काहीतरी काढलं. नेहमी त्यावर जयंत्या-पुण्यतिथ्यांचे लेख आणि पावसाच्या कविता असायच्या. त्या म्हणाल्या, या वर्षी आपण सगळे मिळून एक शहर तयार करू. नकाशात नसलेलं. बंदर असावं, आणि श्रीमंत असावं. एकाने विचारलं, श्रीमंतच कशाला? मॅडम म्हणाल्या, "गरिबी लिहायला तुम्हांला कुणी शिकवावं लागत नाही. श्रीमंती लिहून दाखवा."

आम्ही सहा जण होतो. माझ्या वाट्याला आधी बंदरच आलं, म्हणजे जहाजं, धक्का, माल वगैरे. मी फार मन लावून लिहिलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे कुणी काही लिहायला सांगितलं की मला ते परीक्षेसारखंच वाटायचं. तिसऱ्या दिवशी मी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं.

माझ्या बंदरात जहाजं दिवाळीनंतर यायची आणि मोठ्या फाटकाबाहेर एकामागे एक रांगेत उभी राहायची. फाटकावरचा माणूस टोकन द्यायचा. नंबर लागायला दोन-दोन दिवस लागले तर खलाशी जहाजाखाली तीन दगड मांडून खिचडी लावायचे. मग व्यापारी शिडीने जहाजावर चढायचे, मालात कोपरापर्यंत हात घालून मूठभर बाहेर काढायचे, उन्हात धरून बघायचे, तोंड वाकडं करायचे आणि भाव बोलायचे. आणि उन्हाळ्यात समुद्र खाली गेला की शहरातले लोक उघड्या पडलेल्या जमिनीवर टरबुजं लावायचे.

टरबुजांपर्यंत कसंबसं सगळ्यांनी हसू धरून ठेवलं होतं. मग वर्ग फुटला. माझी हॉस्टेलची रूममेट मुकुटबनची. समुद्र तिनेही पाहिलेला नव्हता, पण सगळ्यांत मोठ्याने तीच हसली.

"काहून वं," ती म्हणाली, "तुया समुद्र उन्हाळ्यात आटते काय? डांगरवाडी लावतेत त्याच्यात?"

"अन् जहाजाखाली चूल कशी पेटते?" दुसरा म्हणाला. "खाली तं पाणी राह्यते!"

मी पण हसले, कारण दुसरं काय करणार. पण कान गरम झाले होते; कापूस विकायला बाबांबरोबर गेले तेव्हा बाजार समितीच्या फाटकावर जे पाहिलं होतं, तेच मी बंदरात आणलं होतं. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "समुद्र आटत नाही गं. दिवसातून दोनदा मागे जातो आणि परत येतो." थोडं थांबून म्हणाल्या, "पण ती रांग राहू दे. आणि ते तोंड वाकडं करणं सुद्धा." मग बंदराचं काम एका मुलाला दिलं, कारण तो सहलीत कोकणात जाऊन आला होता, आणि मला म्हणाल्या, "तू माणसं कर. त्या शहरात मोठं कोण, कुणाकडे कोण जेवतं, त्यांचे सण कसे असतात, ते तू लिही."

हे मला जास्त कठीण वाटलं. समुद्र नाही पाहिला तरी पाणी पाहिलं होतं. श्रीमंत माणसं मात्र मी आतून पाहिलीच नव्हती. आमच्या गावात ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आणि माडीचं घर होतं, तेही संध्याकाळी आमच्या बाबांशेजारी पारावरच बसायचे आणि तसेच जांभया द्यायचे.

आमच्या सहा जणांत एक मुलगी यवतमाळचीच होती. तिचे आजोबा वकील, वडील वकील. बोलायला मोकळी, हसरी. माझं टरबुजाचं ऐकून तीही बाकावर डोकं ठेवून हसली होती, पण नंतर येऊन म्हणाली, "मला ते शेत आवडलं गं. समुद्रानं ऐकलं तर त्यालाही आवडेल." तेव्हापासून आमची मैत्री झाली. भाद्रपदात ती म्हणाली, "आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. आई दरवर्षी हॉस्टेलच्या मुलींना जेवायला बोलावते. तू सकाळीच ये, मदतीला."

ती साधं जेवायला बोलवत होती. मी मात्र मनात धरलं की आता श्रीमंत घर आतून बघायला मिळणार.

मी घरी फोन केला. आमच्या घराण्यात महालक्ष्म्या नाहीत. गावात दुसऱ्यांकडे आम्ही पंगतीला बसायचो, जेवून हात धुवून परत यायचो, एवढंच. आई म्हणाली, "बोलावलं तं जाय. पण रिकाम्या हातानं नोको जाऊ." आणि दुसऱ्याच दिवशी आर्णीहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे तिने घरच्या तुरीच्या डाळीची पिशवी पाठवली. एवढी जड की हॉस्टेलच्या पायऱ्यांवर मला दोनदा खाली ठेवावी लागली.

रूममेट सणाला घरी गेली होती, म्हणून मी एकटीच गेले.

त्या घरात मला काय काय श्रीमंत वाटलं, ते आज लिहायला लाज वाटते, पण लिहिते. लिंबू कापायची सुरी वेगळी होती. एक खुर्ची अशी होती की तिच्यावर कुणीच बसत नव्हतं, आजोबांची म्हणून. भिंतभर पुस्तकं होती आणि सगळ्यांच्या पाठी एकाच रंगाच्या. मैत्रिणीचे वडील कॉलर उसवलेला सदरा घालून फिरत होते आणि तरी येणारा प्रत्येक जण त्यांना वाकून नमस्कार करत होता. मला वाटलं, ही खरी श्रीमंती. आमच्याकडे पाहुणे येणार म्हटलं की बाबा नवा शर्ट घालतात.

मैत्रिणीच्या आईला, म्हणजे काकूंना, मी डाळीची पिशवी दिली. त्यांनी पिशवीत हात घातला, डाळ बोटांवर घेतली आणि म्हणाल्या, "घरची? अगं, एवढी?" मग लगेच हात मागे घेतला, कारण त्या सोवळ्यात होत्या. हसून म्हणाल्या, "बघ, विसरले. आता पुन्हा आंघोळ."

सोवळ्याचं त्या घरात फार होतं. पहाटेपासून काकू एकट्या स्वयंपाकघरात. पुरण, आंबील, कढी, वडे, किती भाज्या. नैवेद्य होऊन पंगती उठेपर्यंत त्यांनी पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. मैत्रिणीलाही उंबऱ्याच्या आत यायची परवानगी नव्हती. हे सगळं नीट होतंय की नाही ते बघायला आत्या आल्या होत्या. आत्या म्हणजे मैत्रिणीच्या वडिलांची थोरली बहीण. गावातच दिलेल्या. माहेरवाशीण म्हणून त्यांना काम नव्हतं, पण डोळे सगळीकडे होते. त्या आमच्याच कॉलेजात भूगोल शिकवायच्या आणि वर्गात त्यांच्यासमोर कुणी खोकतसुद्धा नसे.

"वहिनी, आंबील निवली का? आईच्या वेळी गरम नैवेद्य नव्हता चालत."

"निवली, ताई."

"आणि पडवळ?"

"तेही झालं, ताई."

मैत्रीण माझ्या कानात म्हणाली, "एका वर्षी माझ्या मावसभावाने पुरणाला नुसतं बोट लावलं होतं. आत्यानं सगळं पुरण गाईला घालायला लावलं. आईनं पुन्हा शिजवलं. जेवायला पाच वाजले."

दुपारी आरती झाली. मग त्या घरची रीत मला कळली. नैवेद्य दाखवला की सगळ्यांनी बाहेर यायचं आणि महालक्ष्म्यांच्या खोलीचं दार बंद करायचं, म्हणजे त्या निवांत जेवतील. दार आतून काकू लावायच्या आणि मागच्या दाराने स्वयंपाकघरात जायच्या. पुढे दिवाणखान्यात सगळे गप्प बसले. पोरंसुद्धा. आत्यांनी डोळे मिटून हात जोडले होते.

मैत्रिणीने मला हळूच सांगितलं, मागच्या अंगणात जाऊन केळीची पानं धुऊन ठेव. मी गेले. नळाजवळच त्या खोलीची खिडकी होती, हिरव्या चौकटीची, खाली कोरफडीच्या कुंड्या. मला फक्त बघायचं होतं की कुणी नसताना महालक्ष्म्या कशा दिसतात. मी टाचा उंच केल्या.

त्या दोघी उभ्या होत्या, एकीला गुलाबी पातळ, एकीला हिरवं. डोक्यावर फुलोऱ्याच्या करंज्या टांगलेल्या. समई. आणि धाकटीच्या पायाशी, भिंतीला टेकून काकू बसल्या होत्या. मांडीत पान होतं. त्या तुपात बुडवलेली पुरणपोळी खात होत्या.

मी एकदम खाली बसले. नळ तसाच वाहत होता. मला वाटलं, आता काहीतरी होईल. काही झालं नाही. आतून दार उघडल्याचा आवाज आला, पुढे घंटी वाजली आणि पंगत बसली. काकू वाढत होत्या. मला आग्रह करत होत्या. आत्या म्हणाल्या, "वहिनी, सगळ्यांचं झालं की तुम्हीही बसा आता, सकाळपासून उपाशी आहात." काकू म्हणाल्या, "बसते ना, ताई."

मी कुणाला बोलले नाही. मैत्रिणीलाही नाही. पण मनातून ते जाईना. मला त्यात वाईट काही दिसत नव्हतं. उलट आमच्या शहरातली माणसं मला त्या खिडकीत सापडली असं वाटलं. आठ दिवसांनी मी ते लिहून काढलं. मी लिहिलेलं असं होतं:

"या बंदरातले लोक आपल्या मुली समुद्रात देतात. बुडवत नाहीत, लग्न करून देतात. पूर्वी कधीतरी दोन बहिणी अशा दिल्या गेल्या. म्हणून या शहराची जहाजं बुडत नाहीत आणि म्हणून इथे पैसा आहे. जावई सासरचा माल बुडवत नाही. वर्षातून एकदा त्या दोघी तीन दिवस माहेरी येतात. त्यांचा मान सगळ्यांत श्रीमंत जहाजवाल्याच्या घरी असतो. तो जहाजवाला एवढा श्रीमंत आहे की फाटका सदरा घालू शकतो. त्याच्या घरी लिंबाला वेगळी सुरी आहे. दुसऱ्या दिवशी बहिणींना जेवण वाढतात आणि दार लावून घेतात. सगळं शहर तेवढा वेळ गप्प बसतं. धक्क्यावर हमालसुद्धा पोतं खाली ठेवतात. लोकांना वाटतं, आत दोघी जेवत आहेत. पण आत तिघी जेवत असतात. जहाजवाल्याची बायको पहाटेपासून उपाशी असते. ती हिरव्या खिडकीखाली, धाकटीच्या पायाशी बसून घाईघाईने खाते. तीही कुणाची तरी मुलगी आहे आणि तीही दुसऱ्या घरात दिलेली आहे. त्या दोघी तिला काही म्हणत नाहीत. धाकटी आपलं पातळ थोडं बाजूला घेते, तिला टेकायला जागा व्हावी म्हणून."

हे मी गटात वाचून दाखवायला हवं होतं. सगळे वाचायचे. पण टरबुजांचं हसणं माझ्या कानात होतं. मी ठरवलं की या वेळी थेट लावायचं, म्हणजे हसायचे ते माझ्या पाठीमागे हसतील. दिवाळीच्या सुट्टीआधी एका सकाळी लवकर जाऊन मी कार्डशीटवर स्वच्छ अक्षरात लिहिलेलं पान बोर्डावर टाचण्यांनी लावलं. चूक झाली ती इथे. खिडकीतून पाहणं चूक होतंच, पण तिथे मी एकटी होते.

लोकांना ते आवडलं. मराठीच्या मॅडम दोनदा उभ्या राहून वाचून गेल्या. कुणीतरी फोटो काढून कॉलेजच्या ग्रुपवर टाकला. मी दुपारपर्यंत जमिनीवर नव्हते. मग मैत्रीण आली. ती बोर्डासमोर उभी राहिली. आधी हसत होती. मग थांबली.

"ही आई आहे," ती म्हणाली.

"नाही गं. ही जहाजवाल्याची..."

"हिरवी खिडकी आमची आहे. सदरा बाबांचा आहे. लिंबाची सुरीसुद्धा सोडली नाहीस." ती माझ्याकडे वळली. "आई आत असते? खाते?"

तेव्हा मला कळलं की तिलाही माहीत नव्हतं. मी नुसती मान हलवली.

"आणि तू ते भिंतीवर लावलंस."

"मला वाटलं, कुणाला कळणार नाही."

"आत्या रोज याच जिन्याने वर जाते," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "ग्रुपवर पण आहे ती. आईनं वीस वर्षं केलेलं सगळं पाण्यात जाईल. आत्या म्हणेल, वीस वर्षं उष्टा नैवेद्य दाखवला. आणि आई कुणाला काय सांगेल?"

ती निघून गेली. मी टाचण्या काढल्या, पान गुंडाळलं. पण फोटो कसा काढणार?

मुकुटबनची रूममेट रात्रीच्या जेवणाला बसली होती. मी तिला सगळं सांगितलं आणि रडले. ती पोळी मोडत राहिली.

"तू चोरून पाह्यलं," ती म्हणाली, "अन् भितीवर टांगलं. आता रडून राह्यली कायले?"

"मग काय करू?"

"काकूले जाऊन सांग. दुसऱ्याच्या तोंडून समजण्यापरीस तुया तोंडून समजलं तं बरं. लय झालं तं घराबाहेर काढन. तसंही तू काही त्या घरची सून नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले. दार मैत्रिणीनेच उघडलं. ती बाजूला झाली. काकू स्वयंपाकघरात जमिनीवर बसून मेथी निवडत होत्या. मी रस्त्यात काय काय पाठ केलं होतं, ते सगळं विसरले.

"काकू, माझं चुकलं," एवढंच म्हणाले आणि ते पान त्यांच्यासमोर ठेवलं.

त्यांनी पदराला हात पुसले, चष्मा लावला आणि वाचायला लागल्या. फार सावकाश वाचलं. मैत्रीण दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मी मेथीच्या काड्यांकडे बघत होते. वाचून झाल्यावर काकूंनी पान उलटं करून बघितलं, मागे काही आहे का म्हणून.

"काल रात्री ताईंचा फोन आला होता," त्या म्हणाल्या. "म्हणाल्या, वहिनी, भित्तिपत्रक वाचलं. मग काही बोलल्याच नाहीत. मी हॅलो हॅलो करत राहिले. आता समजलं, काय ते."

"आई," मैत्रीण म्हणाली, "खरंच खातेस?"

काकूंनी एक जुडी उचलली, परत ठेवली.

"लग्नानंतर तिसऱ्या वर्षाची गोष्ट आहे," त्या म्हणाल्या. "तेव्हा तुझी आजी होती. पहाटेपासून उभी होते. दार लावून मागे जायला निघाले, तर डोळ्यांपुढे अंधारी. खाली बसले. समोर पान वाढलेलं. नैवेद्य दाखवून झालेला होता, बरं का. दाखवायच्या आधी मी कधीच हात लावला नाही. पण त्या दोघींचं जेवण व्हायचं होतं. मी म्हटलं, बायांनो, मला क्षमा करा, मला दिवस गेलेत, आणि पोटातली ऐकत नाही. आणि खाल्लं."

"पोटातली म्हणजे?"

"म्हणजे तू. दुसरी कोण आहे मला?"

मैत्रीण चौकट सोडून खाली बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "म्हणजे पहिली पोळी मी खाल्ली?"

"एक नाही, दोन खाल्ल्यास."

तिला हसू आलं आणि रडूही. काकू म्हणाल्या, "मी वर्षभर वाट बघितली, काही वाईट होतं का. तू झालीस, धडधाकट. पुढच्या वर्षी दार लावलं, तर पाय निघेना. म्हटलं, एवढं घर आपल्यामुळे जेवतं, आपल्याबरोबर कुणी जेवत नाही. या दोघी तरी आहेत. तेव्हापासून बसते."

मी म्हटलं, "काकू, मी पान काढून टाकलंय. परत नाही लावणार."

त्यांनी मेथीच्या काड्या एका बाजूला लोटल्या. मला वाटलं, आता उठून जा म्हणतील. मग म्हणाल्या, "काढलंस तर लोक विचारतील, का काढलं. मग ते माझं पाप होईल. लावलंस तर गोष्ट आहे. लाव परत."

"आणि आत्या?" मैत्रिणीने विचारलं.

"विचारलं तर खरं सांगेन. मी होऊन नाही सांगणार. एवढी काही मी शूर नाही." त्यांनी पानावर बोट ठेवलं. "पण हे बदल. घाईघाईने खाते म्हणून लिहिलंयस. मी घाई करत नाही. वर्षभर सगळं घाईत होतं, तेवढंच एक निवांत होतं."

"बदलते."

"आणि हे काय गं, सगळ्यांत श्रीमंत घर? आमचं?" आता त्या खरंच हसल्या. "तुझ्या आईनं पिशवीभर डाळ पाठवली स्वतःच्या रानातली, आणि श्रीमंत आम्ही? माझ्याकडे तर कोरफडीच्या कुंड्यांएवढी जमीन आहे. यांचा सदरा फाटका आहे तो मी शिवायला वेळ काढत नाही म्हणून."

सदऱ्याचं मी एवढं मोठं केलं होतं. ते तसंच राहू द्या, असं मी म्हणाले, तर काकू म्हणाल्या, राहू दे, तुझं शहर आहे.

निघताना मैत्रीण फाटकापर्यंत आली. "मी अजून रागावलेली आहे," ती म्हणाली. "तू मला आधी विचारायला हवं होतंस." मी हो म्हटलं. आताही हे सगळं लिहिण्याआधी मी तिला आणि काकूंना विचारलं. ती म्हणाली, लिही, पण मला आधी वाचायला दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी बोर्डाशी होतो. मी "घाईघाईने" कापून तिथे "निवांत" अशी पट्टी चिकटवली होती. ती टाचण्या धरून उभी होती. तेवढ्यात जिन्याशी आत्या आल्या, हातात हजेरीचं रजिस्टर. आमच्या दोघींच्या हातातलं काम थांबलं.

आत्यांनी चष्मा नीट केला आणि पान वरपासून खालपर्यंत वाचलं. त्या पट्टीवरून बोट फिरवलं.

"हे तू लिहिलंस?"

"हो, मॅडम."

"आत तिघी जेवतात."

"हो, मॅडम."

"तुझ्या त्या जहाजवाल्याला बहीण नाही का?"

माझ्या शहरात ती नव्हती. मी तिचा विचारच केला नव्हता. पण मी म्हटलं, "आहे."

"मग ती कुठे असते, दार लावलेलं असताना?"

"बाहेर, मॅडम. दिवाणखान्यात. सगळ्यांबरोबर, हात जोडून."

"तीही दुसऱ्या घरात दिलेली असेल."

"हो."

"आणि सण म्हणून माहेरी आलेली."

आत्यांनी रजिस्टर एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. त्यांचा चेहरा वर्गात असतो तसाच होता.

"माझ्या आईच्या वेळी," त्या म्हणाल्या, आणि पुढचं बोलल्या नाहीत. मग मैत्रिणीकडे वळल्या. "तुझ्या आईला विचार, पुढच्या वर्षी मी दार वाजवलं तर उघडेल का?"

"उघडेल, आत्या."

"आधी विचार. नंतर सांग," त्या म्हणाल्या आणि जिना चढून वर गेल्या.

मैत्रिणीने फोन काढला आणि तिथेच, बोर्डासमोर उभी राहून आईला लावला. रिंग जात होती. मी शेवटची टाचणी दाबत राहिले.